मुंबईतली संग्रहालयं : गोव्याहून जाणाऱ्यांनी नेमकं काय पाहावं?

सुरंगी (फोंडा)
नाताळच्या सुट्टीत मुंबईला जायचं ठरतंय. मी, आई आणि सातवीतला मुलगा. मुक्काम दादरला मावशीकडे. आईचं वय सत्तरीच्या पुढचं, चालते बरी, पण जिन्यांपाशी थांबते. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली हे आधी झालेलं आहे, तेही बहुतेक टॅक्सीच्या काचेतून. या वेळी संग्रहालयं पाहायची आहेत आणि सावकाश पाहायची आहेत.

माझं मत आधीच मांडते. बसमध्ये बसवून एका दिवसात दहा ठिकाणं दाखवणारं मुंबई दर्शन मला नको. संध्याकाळी विचारलं तर त्यातलं एकही धड आठवत नाही. आणि "संग्रहालयात काय, मोडक्या मूर्तीच ना?" असं आमच्याकडे सर्रास म्हणतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा : वेळ कुठे द्यावा, मुलगा कुठे रमेल, आईला कुठे निवांत बसता येईल?

मांडवीकाठ (पणजी)
छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स. त्यासाठी अख्खा दिवस ठेवा. अर्धा दिवस ठेवाल तर निम्मं पाहून चुटपुट घेऊन बाहेर पडाल.

आधी इमारत पाहा, तीही बाहेरच्या बागेत उभं राहून. जॉर्ज विटेट हा तिचा वास्तुविशारद, गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. पायाभरणी १९०५ साली झाली, इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. आपल्या पणजीच्या आदिलशहाच्या राजवाड्याशी ज्यांचं नातं, त्याच आदिलशाहीचा हा घुमट मुंबईत डोक्यावर दिसतो. दगड दोन रंगांचा, कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर. आतलं लाकडी कमानकाम नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं आहे. माझ्याबरोबरचे लोक घुमटाखालून भराभर पुढे गेले, मी मात्र तिथेच मान वर करून उभा होतो.

आत गेल्यावर तळमजल्यावरचं शिल्पदालन सोडू नका. सिंधमधल्या मीरपूर खासच्या गुप्तकालीन भाजक्या मातीच्या मूर्ती पाहा. मातीच्या चेहऱ्यावर इतका शांतपणा कसा आणला असेल, हे मला अजून उलगडलेलं नाही. परळच्या शिवाची प्रतिकृतीही आहे. मूळ मूर्ती १९३१ मध्ये रस्ता खणताना सापडली आणि ती आजही परळला देवळात आहे. असीरियन राजवाड्यातली शिल्पं आहेत, सोपाऱ्याचा अशोककालीन लेख आहे. मुलाला अकबराचं चिलखत नि ढाल दाखवा, आणि मग निसर्ग-इतिहासाच्या दालनात मोकळा सोडा. लहान मुलांसाठी आवारात वेगळं संग्रहालयही आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं.

वाळवंटी (साखळी)
भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन. मुलगा खूश, विषय संपला.

सुरंगी (फोंडा)
वाळवंटी, पेंग्विनला माझी ना नाही. पण विषय तिथे संपू देणार नाही. :)

पेडण्याचा पांथस्थ
विषय संपत तर नाहीच, खरा विषय राणीच्या बागेच्या फाटकापाशीच सुरू होतो. पेंग्विन पाहायला जाणारे शेकडो लोक ज्या इमारतीला वळसा घालून जातात ते आहे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आणि हे भाऊ दाजी कुठले? आमच्या मांद्र्याचे. पेडणे तालुका, गोवा. जन्म १८२२. मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड.

मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेल्या गोवेकरांना मी हे सांगितलं तेव्हा बहुतेकांना पहिल्यांदाच कळत होतं. मला याचं फार वाटतं, म्हणून थोडं लांब लिहितो.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला हा डॉक्टर. त्यांचे बंधू नारायण दाजीही डॉक्टर, दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. कडू कवठाच्या बियांच्या तेलाने महारोगावर उपचार करून पाहिले. काठेवाड-कच्छमधल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं. अजिंठ्याचे लेख वाचले, नाणी जमवली, जुन्या पोथ्या जमवल्या. विष्णुदास भावे सांगलीहून नाटक घेऊन मुंबईत आले तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आणि जगन्नाथ शंकरशेट वगैरे मंडळींबरोबर मुंबईला संग्रहालय हवं म्हणून खटपट केली. १८७४ मध्ये गेले, म्हणजे आयुष्य जेमतेम बावन्न वर्षांचं.

संग्रहालयाची स्थापना १८५७ ची, सध्याची इमारत १८७२ मध्ये खुली झाली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये दिलं गेलं. पुढे इमारतीची मोठी दुरुस्ती झाली आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. आत पाऊल टाकलं की सोनेरी नक्षीचे खांब, रंगीत फरशी, आणि काचेच्या कपाटांतून जुनी मुंबई : मातीच्या छोट्या छोट्या माणसांतून दाखवलेले व्यवसाय, वेश, पगड्या. सातवीतला मुलगा इथे रमेल याची खात्री देतो, कारण त्या मूर्ती त्याच्या वितीएवढ्या आहेत आणि प्रत्येक जण काहीतरी करतोय.

बाहेर बागेत दगडी हत्ती आहे तो चुकवू नका. घारापुरीचा हाच तो हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्लंडला न्यायचा घाट घातला तेव्हा उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते नंतर सांधले. आणि काळा घोडा भागाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो सातव्या एडवर्डचा घोडाही १९६५ पासून इथेच आणून ठेवलाय.

अबोली (मूळ म्हापसा, आता गिरगाव)
पांथस्थ, +१. मी इतकी वर्षं इथे राहते, मांद्र्याचं मला ठाऊक नव्हतं. या रविवारी जातेच.

सुरंगीताई, बुधवारी जाऊ नका. भाऊ दाजी लाड आणि राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात.

कुळागर (प्रियोळ)
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. सुरंगीबाय, तू फोंड्याची. जुनं गोवें तुझ्यापासून अर्ध्या तासावर. तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय मुलाला दाखवलंस का? १९६४ पासून आहे, सेंट फ्रान्सिस असिसीच्या मठात. कदंबकाळातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आहेत, त्यातल्या एकावर जहाजावरची लढाई कोरलेली आहे. आमचे पूर्वज समुद्रावर लढत होते याचा दगडात कोरलेला पुरावा! वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची चित्रं, ती परंपरा १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने सुरू केली. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे चालत गेलं की साडेचारशे वर्षांची सत्ता डोळ्यांपुढून जाते.

पलीकडे सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. १९९४ मध्ये राशोलला सुरू झालं, २००२ मध्ये इथे आणलं, आणि २०२२ मध्ये नव्या मांडणीने पुन्हा उघडलं. हस्तिदंती कामात आमच्या कारागिरांचा हात ओळखू येतो, बाळ येशूच्या चेहऱ्यात बाळकृष्ण दिसतो. बाणावलीला गोवा चित्रमध्ये शेतीची, मिठागरांची, माडाच्या धंद्याची अवजारं हजारोंनी जमवून ठेवलीत. हे सगळं न पाहता मुंबईच्या तिकिटाला पैसे घालायचे, हे मला पटत नाही.

सुरंगी (फोंडा)
काका, जुनं गोवें पाहिलंय, वीरगळही मुलाने पाहिलाय आणि त्याचं चित्र काढून शाळेत दाखवलंय. गोवा चित्र राहिलंय, ते जानेवारीत नक्की. पण एक पाहिलं नाही म्हणून दुसरं पाहू नये, हे मला मान्य नाही. मुंबईचं पाहून आल्यावर मुलगा इथल्या वस्तूंकडेही वेगळ्या नजरेने बघेल.

रापणकार (वास्को)
कुळागर काकांच्या यादीत बोगमाळ्याचं नौदलाचं विमानसंग्रहालय घाला. सी हॅरियर जवळून पाहायला मिळतं. सातवीतल्या मुलाला हस्तिदंतापेक्षा ते आवडेल, पैजेवर सांगतो.

जांभा (डिचोली)
घारापुरीबद्दल कुणी मन लावून लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

मी अर्वळ्याच्या लेण्यांजवळ वाढलो. पांडवांची लेणी म्हणतात आमच्याकडे. खांडेपारची लेणीही माहितीची. सगळी जांभ्यात कोरलेली. जांभा कोरायला सोपा, पण छिद्राछिद्रांचा. त्यात नाक, डोळे, बोटांची पेरं असं बारीक काम टिकत नाही. म्हणून आमच्या लेण्यांत साध्या भिंती, साधे खांब, शिवलिंग, आणि अंधार. ते मला प्रिय आहेच. पण घारापुरीला सदाशिवासमोर उभा राहिलो तेव्हा काळा घट्ट दगड, बेसाल्ट, काय देऊ शकतो हे समजलं. साधारण वीस फूट उंचीची मूर्ती, तीन मुखं. मधलं शांत, एका बाजूचं उग्र, दुसऱ्या बाजूचं कोमल, हातात कमळ. दीड हजार वर्षांपूर्वी, सहाव्या शतकाच्या सुमारास, कुणीतरी डोंगर आतून पोखरत पोखरत त्या चेहऱ्यांपर्यंत पोचलं. वर जोडायला काही नाही, फक्त काढून टाकायचं, आणि एक घाव चुकला की संपलं.

माझं म्हणणं एवढंच की मुख्य मूर्तीपुढे फोटो काढून परत फिरू नका. अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचं लग्न, कैलास हलवणारा रावण ही शिल्पं बाजूच्या भिंतींवर आहेत. लग्नाच्या शिल्पात पार्वतीची किंचित झुकलेली मान पाहा. बऱ्याच शिल्पांचे पाय, हात तुटलेले आहेत. पोर्तुगीज काळात इथे बरीच नासधूस झाली. दिओगो द कोतो हा पोर्तुगीज इतिहासकार, जो गोव्यातच राहिला नि १६१६ मध्ये गोव्यातच वारला, त्याने लिहून ठेवलंय की इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तो पुढे सापडलाच नाही. तो असता तर ही लेणी कोणी कोरवली याचा वाद कदाचित उरला नसता. गोव्याच्या माणसाने तिथे उभं राहून हे आठवावं असं मला वाटतं.

अबोली (मूळ म्हापसा, आता गिरगाव)
जांभा, सुंदर लिहिलंत. फक्त सुरंगीताईंच्या आईंचा विचार करा. गेटवेवरून बोटीने साधारण तास, धक्क्यावरून छोटी आगगाडी, आणि मग शंभराहून जास्त पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. डोलीवाले असतात, पण आधी दर ठरवून घ्यावा लागतो. सोमवारी लेणी बंद.

जांभा (डिचोली)
खरं आहे. मग आईंना मावशींकडे ठेवून मायलेकांनी जावं. सकाळची पहिली बोट पकडली तर लेण्यात गर्दी नसते, आणि तेव्हाचा तिरपा उजेड मूर्तींवर छान पडतो.

झरीवाडा (मडगाव)
अवांतर होईल, पण राहवत नाही. तुम्ही सगळे संग्रहालयांचं बोलताय, आणि गोवेकरांचा मुंबईतला खरा ठेवा धोबीतलावला आहे. कूड. गावोगावचे लोक मुंबईला बोटीवर नोकरी शोधायला यायचे, त्यांना उतरायला एकेका गावाने आपली खोली केली. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, कोपऱ्यात गावच्या संताचं आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माझे आजोबा जहाजावर जायच्या आधी तिथेच राहायचे आणि त्यांची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. आता कूड कमी होत चाललीत. त्यांच्यातलं एखादं, आहे तसंच, ट्रंकांसकट जपून ठेवायला हवं. काचेच्या कपाटात घातलेल्या वस्तूंइतकंच ते मोलाचं आहे.

कुळागर (प्रियोळ)
झरीवाडा, या एका गोष्टीवर तुझ्याशी शंभर टक्के सहमत. आणि यात हिंदू गोवेकरही होते बरं का. गिरगावात आमच्या काकांची अशीच एक खोली होती, मंगेशीच्या जत्रेच्या वर्गणीपासून नाटकाच्या तालमीपर्यंत सगळं तिथून चालायचं.

सोलकढी (काणकोण)
धागा वाचून पोट भरलं, पण खरोखरचं जेवायचं कुठे? संग्रहालय पाहून फार भूक लागते हा माझा अनुभव. मला विचाराल तर फोर्ट-गिरगाव भागात मालवणी थाळीची खानावळ शोधा. आमच्या शीतकडीची (भात-कालवणाची) सर नाही, पण दुपारचं भागतं.

तिसरी सांज (पर्वरी)
एक खंत मांडते. एका नावाजलेल्या संग्रहालयात (कुठलं ते महत्त्वाचं नाही) माझ्या सासूबाई वस्तूंपुढे उभ्या राहून पाटीवर मराठी शोधत होत्या. काही दालनांत होती, काहींत फक्त इंग्रजी, तीही बारीक अक्षरात. सासूबाई सातवी शिकलेल्या, ज्ञानेश्वरी रोज वाचतात. दगडावर कोरलेला ब्राह्मी लेख त्यांना नाही वाचता आला तर चालेल, पण त्याच्याखालची पाटी वाचता यायला हवी. शेवटी मी वाचून सांगू लागले, आणि तेव्हा आजूबाजूची आणखी दोन-तीन अनोळखी माणसं आमच्यात येऊन उभी राहिली. त्या दालनात आम्ही सर्वांत जास्त वेळ होतो.

म्हणून सुरंगी, आईंना सोबत घेऊन जा आणि मोठ्याने वाचून सांगा. ध्वनिफितीवरचं मार्गदर्शन मिळत असेल तर मराठीत आहे का ते तिकीटखिडकीवर आवर्जून विचारा. विचारणारे वाढले की सोयही वाढते.

मांडवीकाठ (पणजी)
तिसरी सांज, अगदी खरं. पाट्यांबद्दल तिथल्या अभिप्रायवहीत लिहायलाही विसरू नये.

कुंचला (साळगाव)
चित्रांचं कुणी काढलं नाही. मी साळगावचा, म्हणजे फ्रान्सिस न्यूटन सोझाच्या गावचा. १९२४ चा जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेला, तिथून काढून टाकला गेला, आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत पुढे होता. त्याच ग्रुपमध्ये पुढे आलेले वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा पण घराणं गोव्याचं. त्यांच्याही आधी सांग्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद, जन्म १८७०, जे. जे. मध्येच शिकवायचे. आधुनिक भारतीय चित्रकलेचा मुंबईतला पाया घालणाऱ्यांत गोवेकर किती होते ते पाहा.

मांडवीकाठने सांगितलेल्या वस्तुसंग्रहालयातच जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे, आधुनिक चित्रांसाठी. समोर रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ पासून. तिथे प्रदर्शनं बदलत असतात, काय चालू आहे ते पाहून जा. सोमवारी बंद. आणि त्रिंदादांची चित्रं पाहायला मुंबईला जायची गरजच नाही, ती आपल्या पणजीत फोंताइन्यासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत. त्यांनी घरच्या माणसांची काढलेली चित्रं पाहा. काळोख्या खोलीत खिडकीतून आलेला उजेड साडीच्या काठावर ज्या तऱ्हेने ठरलाय तो पाहून पाय निघत नाही.

वाळवंटी (साखळी)
पेंग्विन म्हणून सुरुवात केली होती, आता मलाच भाऊ दाजी लाड पाहावंसं वाटायला लागलंय.

अबोली (मूळ म्हापसा, आता गिरगाव)
मूळ प्रश्नाकडे येते, कारण ताईंना गाडीचं आरक्षण करायचं असेल.

आईंसाठी मी आणखी दोन ठिकाणं सुचवेन, दोन्ही छोटी. गावदेवीचं मणिभवन : १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे राहायचे. त्यांची खोली, चरखे, आणि आयुष्यातले प्रसंग दाखवणारी छोटी देखावेवजा दृश्यं. आईंनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी जाग्या होतील. गल्ली शांत, झाडांची.

दुसरं फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय. २००४ मध्ये सुरू झालं. कवड्यांपासून आजच्या नोटांपर्यंत. मुलाला तिथे गोव्याच्या पैशांची गोष्ट सांगा : पोर्तुगीज अमदानीत आधी रुपिया चालायचा, १९५८ नंतर एस्कुदो आला, आणि १९६१ मध्ये मुक्ती मिळाल्यावर तोही गेला. आईंनी लहानपणी एस्कुदो हातात धरलेला असणार. तिथे त्यांनाच बोलू द्या, मार्गदर्शक लागणार नाही.

सुरंगी (फोंडा)
अबोली, आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, "एस्कुदो? मी त्याची चणे-कुरमुऱ्यांची पुडी आणायचे!" मग अर्धा तास थांबलीच नाही. नाण्यांचं संग्रहालय पक्कं.

आता ठरतंय ते असं : एक पूर्ण दिवस वस्तुसंग्रहालयाला, सोबत निकल्सन दालन. एक दिवस भायखळ्याला, भाऊ दाजी लाड आधी, मग पेंग्विन. एक दिवस मणिभवन आणि नाणी, आईच्या गतीने. घारापुरी फक्त मी आणि मुलगा.

रापणकार (वास्को)
बेत छान, पण मुलाच्या वाट्याला कमी आलंय. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र घालाच. १९८५ चं आहे, दादरहून जवळ. तिथे वस्तूंना हात लावायची मनाई नाही, उलट हात लावल्याशिवाय प्रयोग चालतच नाहीत. बाहेरच्या बागेत वाफेचं जुनं इंजिन आहे, ट्राम आहे, आणि मारुत हे आपल्या देशात बनलेलं लढाऊ विमानही. घारापुरीच्या ऐवजी हे करा असं माझं मत.

जांभा (डिचोली)
ऐवजी नको, दोन्ही करा. सातवीत इतिहासात लेणी वाचून पाठ करतात, तर एकदा प्रत्यक्ष आत जाऊन येऊ दे. विज्ञान केंद्र संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असलं तर दुपारच्या बोटीने परत येऊनही जमेल, फोन करून वेळ विचारून घ्या.

पेडण्याचा पांथस्थ
आणि भायखळ्याला गेलात की भाऊ दाजींच्या चित्रापुढे मुलाला उभा करून मांद्र्याचं नाव सांगा. परत आल्यावर मांद्र्याला या, गाव मी दाखवतो.